बरोबरीनंतरची निवड

फुप्फुसाचा कॅन्सर शरीरात पसरलेल्या अवस्थेत हाती लागला की शस्त्रक्रियेचा विषय बहुधा मागे पडतो आणि बोलणं औषधांवर येतं. केमोच्या ओपीडीत काम करताना या टप्प्यावर एक प्रश्न ठरलेला असतो: यातली सगळ्यात चांगली केमो कोणती? नातेवाईक तो थेट विचारतात, नवे निवासी डॉक्टर तोच प्रश्न चाचण्यांची नावं घेऊन विचारतात. प्रश्न रास्तच आहे. त्याचं उत्तर मिळावं म्हणून हजारो रुग्णांनी चाचण्यांत भाग घेतला, आणि हाती आलेलं एक मोठं उत्तर असं होतं की दोन औषधांच्या प्रमुख जोड्या आयुर्मानाच्या मापाने सारख्याच आहेत. या उत्तराचा सोयीस्कर अर्थ असा लावला जातो की, सारख्याच आहेत ना, मग सवयीची असेल ती द्या. मला हे पटत नाही. दोन जोड्या आयुष्य सारखंच वाढवत असतील, तर त्यांच्यात निवड करण्याची खरी जबाबदारी तिथूनच सुरू होते. मग रुग्णाची मूत्रपिंडं, त्याची बोटं, त्याच्या गावाचं अंतर आणि त्याच्या घरची कमाई हेच निवडीचे निकष ठरतात. ते केसपेपरवर लिहिले गेले पाहिजेत, क्रिएटिनिन लिहिलं जातं तसेच.

या बरोबरीआधी एक मूलभूत वाद होऊन गेला होता. पसरलेल्या कॅन्सरला केमो द्यावी तरी का, असा तो वाद. १९९५ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये ५२ चाचण्यांतल्या ९,३८७ रुग्णांच्या नोंदी एकत्र तपासलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. अल्किलेटिंग गटातल्या जुन्या औषधांनी फायदा होण्याऐवजी नुकसानच होत असावं, असं त्यात दिसलं. सिस्प्लॅटिन असलेल्या उपचारांनी मात्र, नुसती आधाराची शुश्रूषा घेणाऱ्या रुग्णांच्या तुलनेत, मृत्यूचा धोका २७ टक्क्यांनी कमी केला आणि वर्षभरानंतर हयात असणाऱ्यांचं प्रमाण दहा टक्क्यांनी वाढवलं. मध्यमान आयुष्यात याचा अर्थ सुमारे दीड महिना. एवढ्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असं तेव्हाही विचारलं गेलं, आजही विचारलं जातं. मध्यमान म्हणजे प्रत्येकाला मिळणारा हप्ता नव्हे. त्याच्या अलीकडे निम्मे रुग्ण असतात तसे पलीकडेही निम्मे असतात, आणि पलीकडच्यांतल्या काहींना बराच जास्त काळ मिळतो. शिवाय गाठ थोडी जरी आक्रसली तरी खोकला, धाप, हाडांतली दुखणी यांना उतार पडतो. तरीही आक्षेपात तथ्य आहे. सरासरी फायदा लहान असेल, तर तो कोणत्या किमतीला मिळतो याचा हिशेब अधिकच काटेकोर हवा. नऊ महिन्यांतले तीन महिने दवाखान्याच्या बाकावर गेले, तर मिळालेल्या काळाचं मोल आकड्यात दिसतं त्याहून कमी होतं.

नव्वदच्या दशकात पॅक्लिटॅक्सेल, डोसिटॅक्सेल, जेमसिटाबिन ही नवी औषधं हाती आली. प्रत्येक औषधाच्या बाजूने बोलणारे तज्ज्ञ होते आणि प्रत्येकाकडे छोट्या चाचण्यांतले आशादायक आकडे होते. त्यांचा निकाल लावण्यासाठी अमेरिकेतल्या ईस्टर्न कोऑपरेटिव्ह ऑन्कॉलॉजी ग्रुपने, म्हणजे ईकॉगने, १५९४ क्रमांकाची चाचणी उभी केली. १९९६ ते १९९९ या काळात १,२०७ रुग्ण चिठ्ठी टाकल्यासारखे चार गटांत वाटले गेले: सिस्प्लॅटिन-पॅक्लिटॅक्सेल, सिस्प्लॅटिन-जेमसिटाबिन, सिस्प्लॅटिन-डोसिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन-पॅक्लिटॅक्सेल. जानेवारी २००२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये निकाल आला. सगळ्यांचा मिळून गाठ आक्रसण्याचा दर १९ टक्के, मध्यमान आयुष्य ७.९ महिने, वर्षानंतर हयात ३३ टक्के, दोन वर्षांनंतर ११ टक्के. चार गटांच्या आयुर्मानाच्या रेषा आलेखावर एकमेकींत इतक्या मिसळल्या होत्या की रंग नसते तर वेगळ्या ओळखता आल्या नसत्या. अनेकांनी हा निकाल निराशेने वाचला: एवढे रुग्ण, एवढी वर्षं, आणि विजेता कोणीच नाही. मला ही चाचणी या क्षेत्रातल्या सर्वांत उपयोगी चाचण्यांपैकी एक वाटते. कारण तिने डॉक्टरच्या हाती एक मोकळीक दिली. चारांपैकी कोणतीही जोडी निवडली तरी रुग्णाचं आयुष्य सरासरीने कमी होत नाही, एवढी खात्री झाल्यावर बाकीच्या सगळ्या गोष्टींकडे निर्धास्तपणे बघता येतं.

आणि त्या बाकीच्या गोष्टी अजिबात सारख्या नव्हत्या. जेमसिटाबिनच्या जोडीत आजार पुन्हा वाढायला लागेपर्यंत ४.२ महिने गेले, तर पहिल्या जोडीत ३.४, पण मूत्रपिंडांचा गंभीर त्रास जेमसिटाबिनच्या गटात नऊ टक्क्यांना झाला आणि पहिल्या गटात तीन टक्क्यांना. त्या चाचणीत सिस्प्लॅटिनबरोबरचं पॅक्लिटॅक्सेल चोवीस तासांच्या ड्रिपने दिलं जाई, कार्बोप्लॅटिनबरोबरचं तीन तासांत. एकीला रात्रीचा मुक्काम लागे, दुसरी दुपारपर्यंत आटोपे. एकूण त्रास कार्बोप्लॅटिन-पॅक्लिटॅक्सेलमध्ये कमी दिसला, म्हणून पुढच्या चाचण्यांसाठी ईकॉगने तीच जोडी संदर्भ म्हणून धरली. आयुष्य सारखं असताना त्रासावरून निवड करणं ही पद्धत त्या चाचणीच्या कर्त्यांनी स्वतःच घालून दिली.

डे-केअरमध्ये या फरकांना रोजचं रूप असतं. सिस्प्लॅटिन असेल त्या दिवशी औषधाच्या आधी सलाईन, मग औषध, मग पोटॅशियम-मॅग्नेशियम घातलेली सलाईन पुन्हा. खाट सकाळी मिळाली तरी सुटका संध्याकाळी, आणि लघवी किती झाली यावर सिस्टरची नजर. उलट्यांची औषधं किती सुधारली तरी पुढच्या तीन-चार दिवसांत मळमळ रेंगाळतेच. कानात आवाज येऊ लागले, ऐकू कमी येऊ लागलं तर ते बहुधा भरून येत नाही. कार्बोप्लॅटिन तासाभरात उतरतं. त्याचा डोस मूत्रपिंडांच्या गाळण्याच्या वेगात २५ मिळवून, त्याला ठरवलेल्या मात्रेने गुणून काढतात, त्यामुळे क्रिएटिनिनचा आकडा चुकला तर डोसही चुकतो. पॅक्लिटॅक्सेल एरंडेल तेलापासून बनवलेल्या द्रावकात विरघळवलेलं असतं. त्याची रिअ‍ॅक्शन येऊ नये म्हणून आधी स्टेरॉईड आणि अ‍ॅव्हिल द्यावं लागतं, आणि पहिली दहा-पंधरा मिनिटं ड्रिप हळू सोडून कोणीतरी खाटेजवळ थांबायचं असतं. त्याने केस जातात, आणि काही पाळ्यांनंतर हातापायांना मुंग्या येऊ लागतात. मुंग्या हा शब्द फार साधा वाटतो. शिवणकाम करणाऱ्या बाईला सुईत दोरा ओवता येत नाही, शेतकऱ्याला पायातली चप्पल निसटलेली कळत नाही, इतका तो त्रास असू शकतो. जेमसिटाबिनने केस सहसा टिकतात, मुंग्या क्वचित येतात, ड्रिपही अर्ध्या तासाची. पण ते पहिल्या आणि आठव्या दिवशी द्यावं लागतं, म्हणजे दर तीन आठवड्यांना दोन खेपा, आणि प्लेटलेट उतरल्या तर आठव्या दिवसाची खेप रिकामी जाते. जिल्ह्याच्या टोकाच्या गावातून येणाऱ्या माणसासाठी त्या रिकाम्या खेपेत एसटीचं भाडं आणि सोबत आलेल्या मुलाचा बुडालेला रोज असतो. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये उपचारासाठी आलेली माणसं मुंबईतल्या धर्मशाळांत महिनोन्‌महिने राहतात. अशा माणसाच्या बाबतीत किती खेपा या प्रश्नाला दुय्यम म्हणणं मला जमत नाही.

यावर पहिला गंभीर आक्षेप असा की सोयीसाठी आपण ताकद सोडतो आहोत. सिस्प्लॅटिन हे कार्बोप्लॅटिनपेक्षा जोरकस आहे, हे मत जुनं आहे आणि निराधार नाही. २००७ साली नऊ चाचण्यांतल्या २,९६८ रुग्णांच्या नोंदी एकत्र केल्या, तेव्हा गाठ आक्रसण्याचं प्रमाण सिस्प्लॅटिनला ३० टक्के आणि कार्बोप्लॅटिनला २४ टक्के आलं. मृत्यूच्या धोक्यातला फरक सगळे रुग्ण मिळून सात टक्क्यांचा होता, आणि तो संख्याशास्त्राच्या दृष्टीने योगायोगही असू शकत होता. काही उपगटांत तो थोडा ठळक होता. माझं उत्तर असं: ज्याची मूत्रपिंडं धड आहेत, कान चांगले आहेत, जो दवाखान्याजवळ राहतो आणि दिवसभर सलाईनवर पडून राहायला तयार आहे, त्याला सिस्प्लॅटिन देण्याला माझा विरोध नाही. पण हा फरक एवढा बारीक आहे की मधुमेहाने मूत्रपिंडं आधीच थकलेल्या सत्तरीच्या माणसावर त्यासाठी सिस्प्लॅटिन लादता येत नाही. जिथे आजार बरा करणं शक्य असतं, तिथे मी वेगळं बोलेन. इथे हेतू आयुष्य वाढवण्याचा आणि ते सुसह्य करण्याचा असतो. त्या दोन हेतूंपैकी एकाचा अंश दुसऱ्यासाठी खर्च करायचा का, हे ठरवण्याचा पहिला हक्क रुग्णाचा आहे.

दुसरा आक्षेप याहून खोल आहे आणि तो मी पूर्ण मान्य करतो. सरासरी सारखी आली याचा अर्थ प्रत्येकासाठी सारखी असा होत नाही. सारख्या सरासरीच्या आत दोन विरुद्ध फरक एकमेकांना पुसून टाकत असतील. तसं घडलेलं आहे. २००८ साली स्कॅग्लिओटी आणि सहकाऱ्यांनी १,७२५ रुग्णांत सिस्प्लॅटिन-जेमसिटाबिन आणि सिस्प्लॅटिन-पेमेट्रेक्सेड यांची तुलना केली. एकूण मध्यमान आयुष्य दोन्हीकडे १०.३ महिने, दशांशापर्यंत सारखं. पण पेशींच्या प्रकारानुसार रुग्ण वेगळे केले, तेव्हा अ‍ॅडेनोकार्सिनोमात पेमेट्रेक्सेडला १२.६ महिने आणि जेमसिटाबिनला १०.९, तर स्क्वेमस प्रकारात पेमेट्रेक्सेडला ९.४ आणि जेमसिटाबिनला १०.८ असं चित्र निघालं. एकाच आकड्याखाली दोन आजार झाकले गेले होते. पुढच्याच वर्षी पूर्व आशियातल्या १,२१७ रुग्णांच्या 'आयपास' चाचणीने हे आणखी ठसठशीत दाखवलं. ईजीएफआर या जनुकात बदल असलेल्या रुग्णांत गेफिटिनिबच्या गोळीने ७१ टक्क्यांची गाठ आक्रसली, कार्बोप्लॅटिन-पॅक्लिटॅक्सेलने ४७ टक्क्यांची. जनुकात बदल नसलेल्यांत गोळीने एक टक्का आणि केमोने २३ टक्के. ज्या गोळीने एकाला सर्वांत जास्त दिलं, तिनेच दुसऱ्याचे महिने वाया घालवले.

मग माझं म्हणणं कोसळलं का? मला वाटतं, ते यामुळे अधिक नेमकं झालं. सरासरीच्या आत शिरायचं तर दोनच वाटा आहेत. एक म्हणजे आधी ठरवून, पेशीचा प्रकार किंवा जनुक तपासून केलेली विभागणी. तिच्यावर विसंबता येतं. दुसरी म्हणजे, 'माझ्या रुग्णांना हीच जोडी मानवते' ही डॉक्टरची छाप. तिच्यावर विसंबता येत नाही, कारण जे रुग्ण पुन्हा आले नाहीत ते त्या छापेत मोजलेच जात नाहीत. म्हणून निवडीची पहिली पायरी पुरेसा तुकडा काढलेली बायोप्सी आणि जनुकांची तपासणी ही आहे. भारतातल्या अ‍ॅडेनोकार्सिनोमाच्या सुमारे पाव रुग्णांत ईजीएफआरचा बदल सापडतो, आणि गेफिटिनिबच्या भारतीय बनावटीच्या गोळ्या बऱ्याच जणांच्या आवाक्यात आहेत. रिपोर्ट येण्याआधीच घाईने केमो सुरू करून त्या पाव रुग्णांना अंधारात ठेवणं मला अन्यायाचं वाटतं. रिपोर्ट आला, जनुकांत काही सापडलं नाही, पेशीचा प्रकारही कळला, तरी हातात दोन-तीन तोडीस तोड जोड्या उरतात. बरोबरीनंतरची निवड सुरू होते ती इथे.

चाचण्यांचे आकडे आपल्याकडे आणताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. एका चाचणीतला आकडा उचलून दुसऱ्या चाचणीतल्या आकड्याशेजारी ठेवायचा आणि मोठा तो चांगला म्हणायचं, हे परिषदांतल्या सादरीकरणांतही घडतं. जपान आणि अमेरिका या दोन देशांनी एकाच जोडीचा, कार्बोप्लॅटिन-पॅक्लिटॅक्सेलचा, समान गट आपापल्या चाचण्यांत ठेवला आणि रुग्ण निवडण्याचे निकषही जुळवून घेतले. तरी वर्षानंतर हयात असणाऱ्यांचं प्रमाण अमेरिकेत ३७ टक्के आलं आणि जपानच्या चाचण्यांत निम्म्याहून जास्त. माणसं बदलली तेवढ्यानेच आकडा बदलला. आपल्या ओपीडीतली माणसं तर चाचणीतल्या माणसांहून आणखीनच वेगळी असतात. क्षयाच्या संशयाने आधी महिनोन्‌महिने क्षयाची औषधं घेतलेले, वजन उतरलेले, दिवसाचा बराच वेळ अंथरुणावर घालवणारे, असे रुग्ण आमच्याकडे नेहमीचे. ईकॉगच्या त्या चाचणीत अशा अशक्त रुग्णांची भरती त्रासामुळे मध्येच थांबवावी लागली होती. त्यावरून अशक्त माणसाला जोडी देऊच नये असा निष्कर्ष बरीच वर्षं काढला गेला. पण २०१३ साली मुख्यतः ब्राझीलमध्ये झालेल्या चाचणीत, अशाच अशक्त २०५ रुग्णांपैकी एकट्या पेमेट्रेक्सेडवर असलेल्यांचं मध्यमान आयुष्य ५.३ महिने आणि कार्बोप्लॅटिनच्या जोडीवर असलेल्यांचं ९.३ महिने निघालं. फ्रान्समध्ये सत्तरीपुढच्या ४५१ रुग्णांतही एका औषधापेक्षा जोडी सरस ठरली, १०.३ महिने विरुद्ध ६.२, मात्र औषधाच्या त्रासाने दगावणाऱ्यांचं प्रमाणही १.३ वरून ४.४ टक्क्यांवर गेलं. वृद्ध आहे म्हणून कमी द्यायचं हा दयाळूपणा वाटतो, पण त्याने नुकसान होऊ शकतं. आणि जोडी द्यायचीच, तर शंभरातली ती चार माणसंही घरच्यांना आधी सांगायला हवीत.

तिसरा आक्षेप अलीकडचा आहे: इम्युनोथेरपीच्या काळात जुन्या केमोची तुलना कशाला उगाळायची? २०१८ च्या 'कीनोट-१८९' चाचणीत ६१६ रुग्ण होते. पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध मिळालेल्यांत वर्षानंतर ६९ टक्के हयात होते, न मिळालेल्यांत ४९ टक्के. हा मोठा फायदा आहे, जोड्यांच्या आपसातल्या फरकांहून कितीतरी मोठा. पण त्या चाचणीच्या दोन्ही गटांना पेमेट्रेक्सेड आणि प्लॅटिनमची जोडी दिली होती. नवं औषध तिच्यावर चढवलेलं होतं. आणि त्या औषधाच्या एका डोसचा खर्च लाखांत जातो, त्यामुळे महाराष्ट्रातल्या बहुसंख्य रुग्णांसाठी आजही जोडी हाच उपचार आहे. टाटा मेमोरियलने २०२० साली प्रसिद्ध केलेली चाचणी मला यासाठी फार मोलाची वाटते. ईजीएफआरचा बदल असलेल्या ३५० रुग्णांत गेफिटिनिबच्या स्वस्त गोळीला पेमेट्रेक्सेड-कार्बोप्लॅटिनची जोड दिली, आणि आजार आटोक्यात राहण्याचा काळ ८ महिन्यांवरून १६ वर गेला. आयुष्यही वाढलं. प्रश्न आपल्या रुग्णांचा होता आणि उत्तरही परळमध्येच शोधलं गेलं. गंभीर त्रासाचं प्रमाण मात्र २५ टक्क्यांवरून ५१ वर गेलं, आणि फक्त घरी घ्यायची गोळी होती तिथे डे-केअरच्या खेपा आल्या. सोळा महिने हवेतच असं म्हणणारे बहुसंख्य असतील. आठ महिने पण घरी, असं म्हणणाराही एखादा असेल, आणि त्याला अडाणी ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

या सगळ्या आकड्यांशेजारी मी आणखी एक आकडा ठेवतो. बोस्टनमध्ये पसरलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांपैकी निम्म्यांना निदानानंतर लगेच पॅलिएटिव्ह केअरच्या चमूशी जोडून दिलं गेलं. वेदना, झोप, भीती, घरच्यांचे प्रश्न यांवर काम झालं. २०१० साली निकाल आला: त्यांचं मन अधिक थाऱ्यावर राहिलं, शेवटच्या दिवसांतले आक्रमक उपचार कमी झाले, आणि मध्यमान आयुष्य ८.९ ऐवजी ११.६ महिने भरलं. चार जोड्यांच्या आपसातल्या तुलनेत एवढा फरक कुठेच दिसला नव्हता. तरीही आपल्या बहुतेक केंद्रांत पॅलिएटिव्ह केअरची चिठ्ठी लिहिली जाते ती केमो थांबवताना. ती पहिल्या पाळीच्या दिवशी लिहिली जावी, यासाठी नव्या औषधाची वाट बघावी लागत नाही.

रुग्णाला हे कळणार नाही, एवढा वेळ कुणाकडे आहे, असंही म्हटलं जातं. ओपीडीची गर्दी खरी आहे. पण मध्यमान आणि धोक्याचं गुणोत्तर समजावण्याची गरजच नसते. महिन्यातून किती वेळा यायचं, केस जातील का, हातांना काय होईल, घरी परत किती वाजता, खर्चातलं किती योजनेतून आणि किती खिशातून, एवढं कोणालाही कळतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत केमोची पॅकेजेस आहेत. ये-जा, राहणं आणि बुडालेला रोज यांचा भार मात्र घरावरच पडतो, आणि तो जोडीगणिक बदलतो. म्हणून ज्यांच्या घरी हा आजार आला आहे त्यांना माझी विनंती आहे. केमोचा कागद हातात आला की ईजीएफआरची आणि बाकीच्या जनुकांची तपासणी झाली का ते विचारा. हिच्याऐवजी दुसरी कोणती जोडी देता आली असती आणि ती का दिली नाही, ते विचारा. आठव्या दिवसाची रक्ततपासणी (सीबीसी) गावातल्या लॅबमध्ये करून रिपोर्ट फोनवर पाठवला तर चालेल का, तेही विचारा, पुष्कळदा चालतं. आणि रुग्ण जे काम करतो, ज्या हातांनी करतो, ते डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपणहून सांगा.